सारंगखेड्याची 'ग्रेडली' घोडी

मी निघाले तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, स्वतःशीच बोलत होत्या. "घोड्यांच्या जत्रेला बाईमाणूस कशाला लागतं, देव जाणे! मास्तरीण झाली म्हणून काय आता घोड्यांना शिकवणार?" तोंड चालू होतं आणि हात माझ्यासाठी दशम्या बांधत होते. नाशकातल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच असतो. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, लग्नानंतर वर्षभरातच गेला. तेव्हा त्या दुःखाच्या भरात मला 'पांढऱ्या पायाची' म्हणाल्या होत्या. पुढे त्यांनीच हातातल्या पाटल्या मोडून मला शिकवलं. आता बोलतात ते फक्त असं, दशम्या बांधताना.

निघायचं कारण माझा दादा. तो पश्चिम खानदेशात शहाद्याला सरकारी जनावरांचा डॉक्टर आहे. तिकडे त्याला सरळ 'ढोरडाक्टर' म्हणतात, आणि त्याला त्याचा रागही येत नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे लष्करासाठी घोडे घ्यायला एक गोरा साहेब येतो, आणि त्याच्या दिमतीला दादाला राहावं लागतं. यंदा साहेब नवा होता. तो बोले ते दादाला कळेना. 'याचं इंग्रजी कुठल्याच पुस्तकातलं नाही. तू इंग्रजी शिकवतेस, तूच ये,' असा त्याचा निरोप आला. मी तर हरखूनच गेले. वर्गातल्या मुलींना मुद्दाम सांगून निघाले, एवढंच नव्हे तर पेटीत कोशही घेतला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी ती पेटी झाली होती.

जळगावला गाडी बदलून सुरतेकडच्या फाट्यानं दोंडाईचाला उतरले. दादा छकडा घेऊन आला होता. तिथून तापीपर्यंतची वाट काळ्या मातीची. दोन्हीकडे फुटलेला कापूस, मधूनच माणसापेक्षा उंच दादर (तिकडची रब्बी ज्वारी). धूळ इतकी की माझी पांढरी खादीची साडी काळीसावळी झाली. मी कुरकुर करतच होते, तोच जमीन एकदम संपली. खाली मोठमोठ्या घळी, त्यांच्याही खाली रुंद, संथ, उन्हात चकाकणारी तापी, आणि पलीकडच्या काठावर, गावापासून पाण्यापर्यंत, घोडेच घोडे! पांढरे, काळे, तांबडे, कवडे. त्यांच्या खिंकाळण्याचा आवाज नदीवरून येत होता. मी छकड्यातून उतरून नुसती उभीच राहिले.

दादा म्हणाला, "काय गं, बोलत का नाहीस? आजारी आहेस?"

मी गप्प बसले की तो घाबरतो.

नावेतून पलीकडे गेलो. नावेत दोन घोडेही होते, आणि त्यांतल्या एकानं माझ्या दशम्यांची पुरचुंडी हुंगून हुंगून शेवटी फडक्यासकट ओढली. नावाडी हसून म्हणाला, "खाऊ द्या बाई, त्याले बी जत्रा शे!" (शे म्हणजे आहे. तिकडची बोली अहिराणी, आणि दोन दिवसांत ती माझ्याही तोंडी बसली.) उपाशी राहायची वेळ मात्र आली नाही. दादाच्या राहुटीपाशी एका गुजर पाटलांच्या घरून कळण्याची भाकरी (उडीद आणि ज्वारी एकत्र दळून केलेली), वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा आला. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

दुपारी साहेबापुढे उभी राहिले. म्हातारपणाकडे झुकलेला, लालबुंद, बुटका माणूस. त्यानं तोंड उघडलं आणि माझी पाचावर धारण बसली. एक अक्षर कळेल तर शपथ! शब्दाची शेपटं गिळलेली, 'द' हे उपपद म्हणायचा तर नुसती जीभ टाळूला लागून सुटायची. दादा माझ्याकडे पाहत होता. मी मान डोलावत होते. शेवटी न राहवून म्हटलं, "साहेब, जरा हळू बोला. मी पुस्तकातलं इंग्रजी शिकले आहे."

साहेब खो खो हसला. "बाई, मीही ते पुस्तकातलं नंतरच शिकलो," असं काहीसं म्हणाला. तो निघाला लँकेशायर परगण्याचा, आमच्याकडे ज्याच्या कापडाची होळी करतात त्या मुलखाचा. त्याची आई मागावर कापड विणायची. माझ्या खादीकडे बोट करून तो म्हणाला, "या तुमच्या साडीपायी माझ्या भावाचा माग बंद पडला." मग तोच पुढे म्हणाला, "पण सूत चांगलं आहे हो." त्यानंतर मला त्याचं बोलणं कळू लागलं, आधी अर्धं, मग बरंचसं.

बाजार पाहत आम्ही हिंडलो. इतक्या जातींची जनावरं मी जन्मात पाहिली नव्हती. काठेवाडी, सिंधी, मारवाडकडची, कान एकमेकांना टेकणारी. पण मी जास्त थक्क झाले ती घेणाऱ्यांच्या नजरेनं. इथे घोड्याचे दात, पाय, छाती नंतर बघतात. आधी बघतात भोवरे. घोड्याच्या अंगावर केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. मानेवर विशिष्ट जागी असला तर देवमण, घोडा घरात लक्ष्मी आणणार. डोळ्याखाली असला तर आसूढाळ, घोडा मालकाला रडवणार. देवमणाचा घोडा लंगडा असला तरी माणसं त्याच्या पाया पडतील. आसूढाळाचा घोडा वाऱ्यासारखा पळणारा असो, कोणी फुकटही दारात बांधणार नाही. आणि चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला तर तो पंचकल्याणी, सगळ्यांत शुभ. हे ऐकून माझं डोकं तडकलं. "वा रे न्याय!" मी दादाला म्हटलं. "घोडीचे पाय पांढरे तर कल्याण, आणि बाईचे पांढरे तर घरबुडवी!"

दादा म्हणाला, "हळू बोल, बाजार आहे."

बाजाराच्या अगदी टोकाला, एका बाभळीखाली, एकच घोडी बांधली होती. आजूबाजूला कोणी नाही. तांबूस अंग, काळी आयाळ, आणि अंगावर हात न ठेवताच कळावं अशी शांत. तिचा दोर हातात धरून पांढऱ्या लुगड्यातली एक तरुण बाई उभी होती, आणि थोडं दूर तिचा सासरा, बुधा आप्पा, जमिनीकडे बघत बसला होता. घोडीच्या डाव्या डोळ्याखाली भोवरा होता. म्हणजे आसूढाळ. दादानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की घोडीचा जन्म झाला त्याच साली आप्पाचा थोरला मुलगा तापानं गेला. बाईचं नाव देवका, त्याच मुलाची बायको. आता आप्पा धाकट्या मुलाच्या जिवाला घाबरला आहे आणि घोडी काढायला आला आहे. घेणारं कोणीच मिळालं नाही तर तो तिला सातपुड्याच्या रानात सोडून देणार.

साहेबाला भोवऱ्याशी काय करायचंय? तो सरळ घोडीपाशी गेला. पाय उचलून पाहिले, पाठीवरून हात फिरवला, तिच्या नाकाशी आपलं नाक नेलं. मग मागे सरून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, भरल्या आवाजात एकच शब्द बोलला. "ग्रेडली!"

माणसं जमलीच होती. साहेब थांबला की गर्दी थांबते. मला तो शब्द ठाऊक नव्हता. संध्याकाळी कोश उघडला, त्यातही नव्हता. कर्म माझं! शेवटी लाज सोडून साहेबालाच विचारलं.

तो खुर्चीत मागे रेलला. "आमच्याकडचाच शब्द तो. लंडनवाल्यांना काय कळणार? भाकरी जशी फुगावी तशी फुगली, की आई म्हणायची, ग्रेडली. पावसानंतर कापड वाळवण्याजोगं ऊन पडलं, ग्रेडली दिवस. शेजारीण न बोलावता आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसली, तर ती ग्रेडली बाई. माझ्या बापाची अंत्ययात्रा सगळ्या गल्लीनं मिळून नीट पार पाडली, त्यालाही आई तेच म्हणाली."

"म्हणजे सुंदर?"

"छे! सुंदर ते नटव्यांना म्हणा. जे जसं असायला हवं तसंच आहे, आत आणि बाहेर, ते ग्रेडली."

मी मराठी शब्द शोधत बसले. चांगला म्हणावं तर पातळ होतं, सुरेख म्हणावं तर नुसतं रूप आलं, नीट म्हणावं तर त्यात जिव्हाळा नाही. इतकी वर्षं मुलींना विशेषणं शिकवली, पण एका विशेषणात एवढं अख्खं गाव मावत असेल असं कधी वाटलं नव्हतं. मला फार नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्या विणकरणीला बघावंसंही वाटलं.

साहेबाला घोडी हवी होती. आप्पा सुटकेचा निःश्वास टाकून 'सकाळी न्या' म्हणाला होता. मी पाणी आणायला घाटावर उतरले तर पायरीवर देवका माझी वाट बघत बसलेली.

"बाई, सायेबशी तुम्हीच बोलतस ना?" ती म्हणाली. "त्याले सांगा, राधीले लई नको जावू." (राधी म्हणजे ती घोडी. लई नको जावू म्हणजे घेऊन जाऊ नको.)

"अगं, रानात सोडण्यापेक्षा तर बरं ना?"

"तिनी माय तिले जनताच मरी गयी. मी तिले बकरीनं दूध पाजं. रातदिन मन्हा मांगे मांगे फिरे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लोके म्हनतस, मी पांढरा पायनी, ती रडवनारी. त्या घरमा आम्हीन दोन्ही एकमेकीस्ना आधारले शेतस. ती गयी तं मी एकली राहसू."

तिला मी माझ्याविषयी काहीच सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "सकाळी बोलते." ती माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिच्यावर ओरडलेच.

सकाळी उजाडता उजाडता बाजारातले सगळे घोडे नदीवर धुवायला नेतात. ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाण्यावर वाफ, पलीकडचा काठ दिसत नव्हता. त्या वाफेत शेकडो घोडी छातीएवढ्या पाण्यात उतरत होती, फुरफुरत होती, माना झटकत होती. माणसं त्यांच्या पाठीवर पाणी मारत होती. मग ऊन आलं आणि सगळ्यांच्या ओल्या पाठी एकदम चमकल्या. साहेबानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. देवळात काढावी तशी.

तिथेच मी त्याला देवकाची गोष्ट सांगितली. काहीही लपवलं नाही, आसूढाळाचंही सांगितलं. सांगता सांगता बोट दाखवलं. थोड्या अंतरावर देवका गुडघाभर पाण्यात उभी राहून राधीला धूत होती, आणि राधी आपली हनुवटी तिच्या खांद्यावर टाकून डोळे मिटून उभी होती. बाजूनं एक मस्तवाल घोडा पाणी उडवत गेला. बाकीची जनावरं बिथरली, पण राधीनं खांद्यावरची हनुवटी काही काढली नाही.

साहेब बराच वेळ बघत राहिला. "लष्कराला कोणाबरोबरही जाणारा घोडा लागतो," तो म्हणाला. "ही जाणार नाही." मग देवकाकडे हनुवटीनं खूण करून म्हणाला, "ती पोरही ग्रेडली आहे."

मी धावतच आप्पाकडे गेले. साहेब घोडी घेत नाही म्हणून सांगितलं. वाटलं, झालं, आता घोडी घरी जाणार! पण आगीतून निघून फुफाट्यात पडले. बाभळीभोवती ही गर्दी! काल जे लोक तिच्या सावलीलाही उभे राहत नव्हते, ते आज तिच्या डोळ्याखाली वाकून वाकून बघत होते. रात्रीत बाजारभर बातमी पसरली होती. साहेबानं भोवरा बघून नाव सांगितलं म्हणे. या बाजारात घोड्यापुढे उभं राहून बोललेला शब्द हा भोवऱ्याचाच असतो, दुसरा कशाला असेल? एक जण दुसऱ्याला समजावत होता, "हाऊ आसूढाळ नहीच. इलायतमा ह्याले गरेडली म्हनतस. लई शुभ!"

मला हसावं की रडावं कळेना. एका काठेवाडी व्यापाऱ्यानं तर आपला रुमाल पुढे केला होता. तिथे सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली दोघांनी हात धरायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्यांना काही कळू द्यायचं नाही. रुमालाखाली आप्पाचा हात गेलेला होता. देवका दोर धरून उभी होती, आणि तिची नजर त्या रुमालावर होती.

आप्पानं मला पाहिलं. हात तसाच ठेवून म्हणाला, "बाई, तुम्ही शिकेल शेतस. खरं सांगा. हाऊ गरेडली भवरा चांगला शे का वाईट? एक पोऱ्या गया मन्हा. दुसराले काही व्हयनं तं मी तोंड कोठे दपाडू?" (दपाडू म्हणजे लपवू.)

सगळी गर्दी माझ्याकडे वळली. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं म्हणून सांगू! भोवऱ्यांवर, शकुनांवर, पांढऱ्या पायांवर एक लांबलचक व्याख्यान तयार होतं. वर्गात असते तर दिलंच असतं. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत निव्वळ भीती होती. व्याख्यानानं कोणाची भीती गेली आहे? आणि खोटं तर मला बोलायचं नव्हतं.

"आप्पा, भोवऱ्यांतलं मला काही कळत नाही," मी म्हटलं. "शब्द तेवढा सांगते. साहेबाच्या गावी, जी वस्तू जशी असायला हवी तशीच असते, जिच्यावर डोळे मिटून विसंबावं, तिला ते ग्रेडली म्हणतात. भाकरीला म्हणतात. दिवसाला म्हणतात. माणसाला म्हणतात. वाईटाला कधीच म्हणत नाहीत."

"माणूसले बी?"

"हो. साहेब दोनदा म्हणाले. काल राधीला म्हणाले. आज सकाळी नदीवर तुमच्या सुनेला म्हणाले."

आप्पानं मान वळवून देवकाकडे पाहिलं. मला वाटतं, तिच्याकडे असं त्यानं किती दिवसांत पाहिलं नसेल. तिनं मान खाली घातली, पण दोर काही सोडला नाही.

"दोन्हीस्ले?" आप्पानं विचारलं.

"दोघींना."

व्यापाऱ्यानं रुमालाखाली बोटं आणखी दाबली असावीत, कारण आप्पा दचकला. मग त्यानं हळूच हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि म्हणाला, "नही. घरनी शे. ईकानी नही."

देवका तिथेच खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. राधी मान खाली घालून तिचं डोकं हुंगत राहिली. गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, "देखा, घोडीनी रडावंच!" (म्हणजे रडवलंच) आणि सगळे हसले. आप्पाही हसला.

तिसऱ्या दिवशी परत निघाले. दादा पोचवायला नावेपर्यंत आला. साहेबानं टोपी काढून हात जोडले, अगदी आपल्यासारखे, फक्त जरा जास्त उंच. नाव मधोमध आली तेव्हा काठाकाठानं जाणारी तिघं दिसली. पुढे आप्पा, मागे देवका, तिच्या मागे राधी. दोर नुसता देवकाच्या खांद्यावर टाकलेला होता.

नावेत माझ्याशेजारी एक मिशाळ घोडेव्यापारी बसला होता. माझी नजर कुठे आहे ते पाहून मला समजावू लागला. "ती गरेडली घोडी शे, बाई. डोळाखाले भवरा ऱ्हास ना, त्यान्या दोन जाती. एक आसूढाळ, एक गरेडली."

मी त्याला थांबवणार होते, पण राहवलं नाही. विचारलं, "फरक कसा ओळखायचा?"

त्यानं मिशीवर हात फिरवला. गडी थोडा अडचणीत आला होता. काठावरच्या तिघांकडे पाहत म्हणाला, "फरक भवरामा नही ऱ्हास. जिन्ही तिले वाढाई, ती दोर सोडस का नही ते देखानं. बाजार व्हई जावो, लोके काही बी म्हनोत, दोर सोडा नही, तं समजी लेवानं, गरेडली."

मी त्या माणसाकडे बघतच राहिले. साहेबाची आई कुठल्या लँकेशायरात, हा कुठला तापीवरचा घोडेवाला! वर्गात मी एखाद्या मुलीला असा अर्थ सांगू दिला नसता. चूक, म्हणून लाल रेघ ओढली असती. त्या क्षणी मात्र मला त्यात खोडायला काही सापडेना, आणि मी शहाण्यासारखी गप्प बसले.

नाशकाला पोचायला फार उशीर झाला. गाडी जळगावलाच रखडली होती. दार लोटलं तर सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. ताटावर ताट झाकलेलं, त्यांचं स्वतःचंही वाढलेलं आणि न खाल्लेलं.

"आलीस? शिकवलंस का घोड्यांना?"

"तेच मला शिकवून गेले. अहो आई, तुम्ही जेवला का नाहीत?"

"भूक नव्हती." भूक नसलेल्या माणसानं पाट मात्र लगेच ओढून घेतला. "सांग, काय आणलंस जत्रेतून?"

"एक शब्द. ग्रेडली."

"म्हणजे काय गं?"

मी तापीवरच्या त्या व्यापाऱ्यानं सांगितला तो अर्थ त्यांना जसाच्या तसा सांगितला. जिनं वाढवली तिनं, लोक काही म्हणोत, दोर सोडला नाही, तर ती ग्रेडली.

सासूबाई आपल्या हाताकडे बघत होत्या, जिथे पूर्वी पाटल्या असायच्या.

मग म्हणाल्या, "जेव आता. भाजी गार होतेय."